वाळूवरची काळी माती



पत्रिकेत 'वाळू' वाचून एका परिचितांनी मला बजावलं, "वाळूउपशावर बोलणार असाल तर समोर कोण बसलंय ते आधी बघून घ्या." (हशा) निश्चिंत असा. आजची वाळू इथली नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, इलिनॉय नदीच्या पूर्व काठाला मेसन काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथली ही वाळू. तिच्यावर मका होतो, सोयाबीन होतं, कलिंगड, भोपळा, फरसबी होते, सिनेमागृहात तुम्ही ज्याच्या लाह्या खाता तो मकाही होतो. आणि तिथल्याच राखीव माळांवर निवडुंग वाढतो, खराखुरा, काटेरी. साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तरी निवडुंग! तेव्हा जमीन कशी असेल, ते आलंच तुमच्या लक्षात.

हिमयुग आपण सगळे शाळेत शिकलोय, ते पुन्हा उगाळत नाही. सुमारे १८-१९ हजार वर्षांपूर्वी वितळत्या बर्फाचे लोंढे या खोऱ्यातून गेले, वाळू-खडीचा थर टाकून गेले आणि उरलेलं काम वाऱ्यानं केलं. पुढे जाऊ.

वाळूचा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा, चिकणमातीचा ०.००२पेक्षाही बारीक. मोठ्या कणांमधल्या मोठ्या फटींतून पाणी खाली निघून जातं आणि मागे हवा शिरते. याचे फायदे आधी सांगतो, कारण नुसत्या तक्रारी ऐकायची आपल्याला सवय आहे. पाऊस थांबल्यावर अशा शेतात लवकर शिरता येतं. थंडी संपली की ही जमीन आधी तापते, म्हणून पेरणी आधी. मुळं गुदमरत नाहीत. बटाटा, गाजर सरळ वाढतात आणि काढताना चिखल खरवडत बसावं लागत नाही. पाटाच्या पाण्यानं पांढऱ्या फटक पडलेल्या जमिनी ज्यांच्या वाट्याला आल्यात, त्यांना निचरा म्हणजे काय हे मी सांगायला नको. ...समोरच्या रांगेतून मान हलली, म्हणजे मुद्दा पोचला.

आता हिशेब. अशा वाळूच्या एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी मावतं जेमतेम ७५ मिलिमीटर. शेजारच्या गाळाच्या भारी जमिनीत याच्या अडीचपटीहून जास्त. वाळूतल्या त्या पाण्यातलं निम्मं संपलं की पीक ताणाखाली येतं. जुलैत भरात आलेला मका रोज सात-आठ मिलिमीटर पितो. भागाकार तुम्हीच करा. आठवडाभर पाऊस नाही आला, तर माना खाली! म्हणून तिथे आकाशातून पाहिलं की शेतं गोल दिसतात. मधोमध विहीर, तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक पाइप. फ्रँक झायबाख या शेतकऱ्याला १९५२ साली या यंत्राचं पेटंट मिळालं. खाली भूजलाचा मोठा साठा आहे, आणि याच सच्छिद्र जमिनीतून पाऊस मुरून तो भरतोही. मात्र ज्या वाटेनं पाऊस जातो, त्याच वाटेनं नायट्रेटही जातं. युरियाचा एकच मोठा हप्ता टाकाल, तर तो पिकापेक्षा विहिरीला मिळेल.

इथवर जे बोललो ते कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. मित्रमंडळी मला 'गवतवाला' म्हणतात, म्हणोत.

त्या एकाच जिल्ह्यात दोन जमिनी आहेत. एकीला मृदाशास्त्रज्ञ 'स्पार्टा' म्हणतात, दुसरीला 'प्लेनफील्ड'. दोघींचं मूळ तसलीच वाळू, पाऊस तोच, थंडी तीच, दोघीही पाण्याला थारा न देणाऱ्या. पण स्पार्टात खड्डा घ्या, वरचा फूट-दीड फूट थर काळपट. प्लेनफील्डमध्ये खड्डा घ्या, काळेपणा चार बोटांत संपतो, खाली फिकट पिवळी वाळू. का? प्लेनफील्डवर ओकची झाडं होती, स्पार्टावर उंच गवत. झाड आपली पानं जमिनीच्या वर टाकतं. ती वरच्या वरच कुजतात. गवत आपला संसार जमिनीच्या पोटात मांडतं. त्याची बारीक मुळं दरवर्षी मरतात, नवी येतात, आणि मेलेली जिथल्या तिथे माती होतात. असं हजारो वर्षं चाललं.

हान्स जेनी या स्विस-अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४१च्या ग्रंथात मातीचे पाच कर्ते सांगितले: हवामान, सजीव, चढउतार, मूळ खडक, काळ. मान्य आहे. पण आपण मराठी माणसं सगळं श्रेय खडकाला देऊन मोकळे होतो, कारण आपली काळी माती बेसॉल्टची. तिच्यात चिकणमाती निम्म्याच्या घरात, आणि सेंद्रिय कर्ब पाहिला तर बहुतेक ठिकाणी टक्क्याच्या आत. आपला काळा रंग मुख्यतः त्या चिकणमातीच्या कृपेचा. स्पार्टाकडे चिकणमाती जवळजवळ नाहीच. कॅल्शियम, पोटॅश धरून ठेवायला तिच्याकडे आहे तो बहुतांशी ह्यूमस, म्हणजे कुजून झालेला सेंद्रिय अंश, आणि तो गवतानं दिलेला. म्हणून मी वाळूला साक्षीला बोलावतो. भारी जमिनीत कुणी काय केलं याचा वाद घालता येतो, इथे वादाला जागा नाही.

गवताची ही मुळं प्रत्यक्ष कुणी पाहिली? जॉन वीव्हर. नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक. या माणसाबद्दल दोनच वाक्यं बोलायची असं ठरवून आलो होतो. गवताशेजारी हा गृहस्थ माणूस उभा राहील एवढा चर खणायचा, त्यात उतरायचा आणि चराच्या भिंतीतून टोकदार हत्यारानं एकेक मूळ मोकळं करत ते मोजून मापून कागदावर उतरवायचा. तासन् तास. १९१९मध्ये त्यानं मुळांवर ग्रंथ छापला, १९२६मध्ये खास पिकांच्या मुळांवर दुसरा. उंच गवताची मुळं सहा-सात फूट, काही शेंगवर्गीय झुडपांची पंधरा फुटांच्या आसपास! मग तीसच्या दशकातला भयानक दुष्काळ आला, धुळीची वादळं उठली, आणि ज्या माळांची मुळं त्यानं चितारली होती त्यांतलं कोण तगलं, कोण मेलं हेही यानंच नोंदवलं. आपल्याकडे कुणी प्राध्यापक चरात उतरलेला... नको, अध्यक्ष स्वतः प्राध्यापक आहेत. (हशा)

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे वाऱ्याच्या धुपेची चित्रं राहिली, तोंडी सांगतो. नांगरलेली कोरडी वाळू वसंतातल्या वाऱ्यावर उडते आणि कोवळी रोपं अक्षरशः तासून काढते. नांगराखाली आल्यावर काही दशकांत प्रेअरीच्या, म्हणजे या गवताळ माळांच्या, जमिनींनी आपल्या सेंद्रिय कर्बाचा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भाग गमावला. भारी जमिनीला तेवढं नुकसान पचतं, वाळूला पचत नाही. इलिनॉयमध्ये एकेकाळी दोन कोटी एकरांहून जास्त प्रेअरी होती. चांगल्या अवस्थेतली आज टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकीही उरलेली नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "मग शेतकऱ्यानं गवत खायचं का?" ऐकलं मी. नाही हो! मी शेती बंद करा म्हणत नाही. ह्यूमस वाढवला की वाळूची भारी जमीन होईल, असंही म्हणत नाही. पाणी धरण्यात फरक पडतो, पण थोडाच. मी एवढंच म्हणतो की अशा जमिनीत मुळं नसलेला काळ ठेवू नका. पीक निघाल्यावर लगेच राय पेरा, ती हिवाळाभर जमीन धरते आणि उरलेलं नायट्रेट उचलते. फेरपालटात दोन-तीन वर्षं गवत किंवा लसूणघास आणा. नत्र थोडं थोडं, पिकाला लागेल तेव्हा द्या. तिथले जाणते शेतकरी हे करतात. सगळे करत नाहीत, कारण मक्याचा पैसा रोख असतो आणि ह्यूमसचा दिसत नाही.

वेळ संपली. ज्यांची शेती आहे त्यांनी या रविवारी एक करा. बांधावरच्या गवतात एक हातभर खड्डा घ्या आणि पिकाच्या ओळीत दुसरा. दोन्हीकडची ढेकळं शेजारी शेजारी ठेवून फोडा, आणि कुठे मुळं जास्त निघतात ते बघा. प्रश्न असतील तर मी बाहेर चहापाशी उभा आहे.