अंगठा कशासाठी, हे आधी विचारा

चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू, कासा, तलासरी, उधवा, जिथे कुठे तुम्ही ऐकताय तिथल्या साऱ्या जणींना आमचा रामराम. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आजचा विषय आहे अंगठा. पेपरात आणि टीव्हीवर डेटा, खासगीपणा, सायबर सुरक्षा असे मोठमोठे शब्द येतात. आपल्याला वाटतं, हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं काहीतरी असेल. पण आपल्या खेड्यात हा सगळा विषय एका अंगठ्यावर येऊन थांबतो. रेशनला थम, बँक सखीकडे पैसे काढायला थम, सिमकार्डाला थम, केवायसीला थम. महिन्यातून किती वेळा आपण अंगठा देतो, जरा बोटांवर मोजून बघा.

गंमत बघा. आपल्या आयांना लोक 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. म्हणून आपण रात्रीच्या वर्गाला गेलो, सही शिकलो. बचत गटाच्या रजिस्टरवर पहिली सही केली तेव्हा किती जणींचा हात थरथरला होता. आता सही येते, आणि सगळीकडे पुन्हा अंगठाच मागतात.

आपल्या या भागाला अंगठ्याची किंमत चांगली ठाऊक आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला, की वारली माणूस वेठीला बांधला जायचा. लग्नासाठी कर्ज घेतलं, की नवरा-बायको दोघंही लग्नगडी होऊन राबायची. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. कागदावर काय लिहिलंय ते न कळता उठवलेल्या अंगठ्यानं पिढ्या बांधल्या जातात, हे आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

आजच्या अंगठ्यात आणि त्या अंगठ्यात एक मोठा फरक आहे. तो अंगठा एका कागदावर होता, एका पेटीत होता. आजचा अंगठा एकच, पण त्यानं रेशनही निघतं, पैसेही निघतात आणि सिमही मिळतं. कुलूप तुटलं तर नवं आणता येतं. पिन कुणाला कळला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

आधी हे यंत्र काय करतं ते समजून घेऊ. आपण आधारचा बारा आकडी नंबर सांगतो आणि अंगठा ठेवतो. तो ठसा आधारच्या मोठ्या संगणकाकडे जातो. कधी तिकडून फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येतं, म्हणजे ही तीच बाई आहे की नाही. पण ई-केवायसी केली, तर आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असं सगळं त्या दुकानाच्या किंवा कंपनीच्या हाती जातं. अंगठा दोन्ही वेळा सारखाच टेकवायचा असतो. आपल्याला बाहेरून फरक दिसत नाही. म्हणून विचारावं लागतं.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली, आणि सर्वांत पहिलं कार्ड मिळालं ते एका बाईला. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्याला ओळख मिळावी हा विचार चांगलाच होता.

त्याचा फायदाही झाला, तो नाकारायचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचं रेशन दुसऱ्या राज्यात मिळण्याची सोय चार राज्यांत सुरू झाली. त्यात एक जोडी महाराष्ट्र-गुजरातची होती. तलासरीच्या बाईला हे वेगळं सांगायला नको. उंबरगावला, वापीला कामाला गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानात धान्य उचलता येतं, ते याच अंगठ्यावर. तेव्हा अंगठा वाईट, यंत्र वाईट, असं आम्ही म्हणत नाही. न विचारता दिलेला अंगठा धोक्याचा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

का, ते एका मोठ्या उदाहरणावरून बघू. २०१७ मध्ये सिमकार्ड आधारला जोडायची सगळीकडे घाई चालली होती. लाखो लोकांनी एअरटेलच्या सिमसाठी अंगठा दिला. त्याच अंगठ्यावर कित्येकांचं एअरटेल पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, त्यांना पत्ताही नाही. मग गॅसची सबसिडी नेहमीच्या खात्यात यायची थांबली आणि या नव्या खात्यात जाऊ लागली. बाई बँकेत जाऊन विचारतेय, माझे पैसे का आले नाहीत? बँकेकडे उत्तर नाही. ओरड झाली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं त्या कंपनीचं ई-केवायसीचं काम काही काळ बंद केलं. इथे काही चोर रात्री आला नव्हता. अंगठा एका कामासाठी मागितला आणि दोन कामांसाठी वापरला, एवढंच घडलं. सरकारी पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो, आणि शेवटी जे खातं जोडलं तेच धरलं जातं. म्हणून आजही कुणाचे पैसे अचानक थांबले, तर बँकेत पहिला प्रश्न हा विचारायचा: माझं आधार आता कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?

दुसरं उदाहरण तेलंगणातलं, २०१८ चं. एका सिम विकणाऱ्यानं जमिनीच्या खरेदीखतांवरचे लोकांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी अंगठे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. लोक घरी बसलेले, आणि त्यांचे अंगठे बाजारात.

एकलव्याचा अंगठा मागून घेतला, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. त्याला निदान ठाऊक होतं, आपण काय देतोय ते.

आता कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या खटल्यातून हा निकाल आला. मग २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा निकाल लागला. रेशन, पेन्शन अशा सरकारी लाभांसाठी आधार मागता येईल. पण बँक खात्याला आणि मोबाईलला आधार जोडायची सक्ती करता येणार नाही. आधार नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे सिम घेताना आधार आपल्या मर्जीनं देता येतं, पण मतदार कार्डासारखा दुसरा पुरावाही चालतो.

आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय, की अंगठा घेणाऱ्यानं आपली संमती घ्यायची आणि माहिती कशासाठी वापरणार ते सांगायचं. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा आणखी एक कायदा झाला. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय हवी, असं तो म्हणतो. त्यात मराठी आहे, गुजरातीही आहे. आपली वारली बोली त्यात नाही. तेव्हा पाड्यावरच्या आजीला कुणीतरी तोंडानं समजावून सांगावं लागेल, आणि ते काम गटाचंच आहे.

आता आपल्या हातांकडे बघा. कोळंबी सोलणारे, मिठागरात राबणारे, वीटभट्टीवर विटा थापणारे, आवणीच्या चिखलात दिवस काढणारे हे हात. त्यांच्या रेषा झिजतात. यंत्र म्हणतं, 'जुळत नाही'. मग दुकानदार म्हणतो, पुढच्या वेळी या. बायांनो, असं माघारी फिरायचं नाही. २४ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्र सरकारच्या सूचना आहेत, की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही. डोळ्याचं यंत्र असेल तर डोळा, नाहीतर मोबाईलवर येणारा ओटीपी, तेही नसेल तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड बघून, वहीत नोंद करून धान्य द्यायचं. दिलं नाही, तर गावच्या दक्षता समितीला सांगा, तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, किंवा १९६७ या नंबरवर तक्रार करा. आणि सवडीनं आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्या.

पैसे काढतानाची गोष्ट जास्त नाजूक आहे. तिथे पिन नाही, ओटीपी नाही. नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. त्यातली एक चलाखी अशी. "मावशी, थम लागला नाही, परत ठेव." मावशी परत ठेवते. पहिल्यांदाही पैसे निघालेले असतात. म्हणून परत अंगठा ठेवण्याआधी पडद्यावर काय आलंय ते विचारा, आणि पावती घ्या, काम झालं तरी आणि फसलं तरी. शिल्लक किती, हे मोठ्यानं वाचून घ्या. पासबुक महिन्याला भरून घ्या. आपल्यातल्या बँक सख्या प्रामाणिकपणे काम करतात. पावती मागितली म्हणून त्यांनी राग मानू नये. पावतीनं त्यांचंही नाव स्वच्छ राहतं.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० वर लगेच फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे: चूक आपली नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. म्हणजे उशीर महागात पडतो. आणि संदेश यायला बँकेत आपलाच मोबाईल नंबर नोंदलेला हवा.

इथेच आपल्या घरातली गोष्ट येते. बऱ्याच घरांत मोबाईल एक, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. बाईच्या खात्याला नंबर त्याचा. ओटीपी त्याच्याकडे, संदेश त्याच्याकडे. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की तिच्याआधी त्याला कळतं. कुणी म्हणेल, घरातल्या घरात कसला आलाय खासगीपणा? पण आपण मटक्यात, तांदळाच्या डब्यात चार पैसे लपवून ठेवत आलोच ना? ते मुलीच्या फीसाठी, दुखण्याखुपण्यासाठी असायचे. ती चोरी नव्हती, तो घराचा आधार होता. तोच हक्क आता बँकेच्या खात्यात हवा. स्वतःचा नंबर, साधा बटणांचा फोन का असेना, खात्याला जोडून घ्या. मुलगा मदत करतो तर करू द्या, पण शिल्लक किती ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

आता थोडं गटाकडे वळू. आपल्या गटांतही सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत असतात. कर्जाची फाईल करायची, की आधारचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले जातात. ते तिथेच राहतात, किती मोबाईलमध्ये उतरतात कुणास ठाऊक. २०२४ मध्ये पनवेल भागातली एक बाई लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरायला गेली, तर तिच्या आधार नंबरवर आधीच कुणीतरी अर्ज भरलेला निघाला. शोध घेतला तेव्हा सातारा जिल्ह्यातलं प्रकरण बाहेर आलं. दुसऱ्या बायांचे आधार नंबर वापरून एकाच घरातून सुमारे ३० अर्ज भरल्याचा गुन्हा नोंदला गेला. नंबर बाहेर गेला की असं होऊ शकतं. सरकारनं नियम पाळावेत असं म्हणताना आपल्या कपाटालाही कुलूप हवं.

तेव्हा पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठराव करून लिहा. एक, ग्रुपवर आधारचा फोटो टाकायचा नाही, जुने पुसायचे. दोन, झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं: कुणाला दिली, कशासाठी दिली, तारीख आणि सही. जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्यायचं, ते आधारच्या वेबसाईटवरून काढता येतं. तीन, ज्यांचा मोबाईल आधारला जोडलेला आहे त्यांनी अंगठ्याला कुलूप लावायला शिकायचं. एमआधार अॅपमध्ये ती सोय आहे. मात्र कुलूप असताना रेशनलाही अंगठा चालत नाही, त्या दिवशी ते उघडावं लागतं. अडचण आली तर १९४७ हा आधारचा नंबर आहे. चार, म्हाताऱ्या आणि एकट्या बाईसोबत पैसे काढायला गटातली एकजण जाईल.

आणि कुणीही अंगठा मागितला, की तीन प्रश्न: कशासाठी? किती वेळा? पावती कुठे? रांगेतले लोक घाई करतील, दुकानदार म्हणेल, किती विचारतेस बाई. विचारू द्या. झरीत जमलेल्या आपल्या आज्यांनाही लोक हेच म्हणाले असतील.

पुढच्या वेळी, शेतीच्या नोंदी आणि सातबारा मोबाईलवर कसा बघायचा, ते बोलू. तोवर सांभाळून राहा. रामराम.