परभाषा आणि शेजारभाषा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांच्या नावाने चार शब्द बोलावयास मिळावेत, हा मी माझा बहुमान समजतो.

1968 साली महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा मराठीचाच अभ्यास करणार, हे सांगण्यासाठी मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "उत्तम. मग उर्दू आणि तेलुगू लिपी कधी शिकतोस?"

घरी हा विषय काढणे सोपे नव्हते. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण आरंभी उर्दूतून होते. वडील त्याच व्यवस्थेत शिकले. मातृभाषेतून शिकता आले नाही याचे शल्य आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत सोसलेली रझाकारांची दहशत, ही दोन्ही त्यांच्या मनात त्या लिपीशी जखडली गेली होती. "आम्ही ती सक्तीने शिकलो, तू हौसेने शिकणार?" असे त्यांनी विचारले. त्यांचे चुकले, असे मला आजही म्हणवत नाही.

तरीही मी उर्दूचा कायदा हाती घेतला आणि पुढे फार्सीकडे वळलो. पहिल्याच वर्षी ध्यानात आले की, आपण मराठीचाच अभ्यास करीत आहोत. चिटणीस, फडणीस यांतील 'नीस' म्हणजे फार्सी 'नवीस', लिहिणारा. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण 'कागद' आणि 'शिफारस' आपल्या तोंडी राहिलेच. देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. चारमिनारच्या बाजारात ऐकू येणारा 'नक्को' हा आपलाच 'नको', आणि दखनीत जोर देण्यासाठी येणारा 'च'ही मराठीचाच. फार्सीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी 1925 साली फार्सी-मराठी कोश दिला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी पी. व्ही. नरसिंह राव यांनी तेलुगूत नेली. ही माणसे दुसऱ्या भाषेच्या घरी गेली, म्हणून त्यांची स्वभाषा उणी झाली नाही.

वडील गेल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली. घरखर्चाच्या वह्या निघाल्या. पाहतो तो सारा हिशेब उर्दू लिपीत! ज्या लिपीचे नाव घरात काढू देत नसत, तिच्यातच त्यांचा हात वळत होता. धान्य, दूध, आईचे औषध, माझी फी, सारे तेथे होते. घरातील इतर कोणालाही ते वाचता येईना. मी मोठ्याने वाचले आणि आई ऐकत राहिली.

आज आपली मुले जपानी, चिनी शिकतात, याचा मला आनंदच आहे. पण याच शहरातील राज्य अभिलेखागारात मोगल काळापासूनची फार्सी कागदपत्रे आहेत. मराठवाड्याच्या इतिहासाची साधने त्यांत आहेत. ती वाचणारे मराठी विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. यंदा महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलामुलींना मी इतकेच विनवितो: दूरची भाषा अवश्य शिका, पण शेजारची एक लिपीही शिका. एखादी ट्रंक तुमच्याही घरी असेल.