पाया पडायचं, तर सगळ्यांच्या



स्पष्टच बोलतो. वारीत एकमेकांच्या पाया पडायचं आणि गावी पंगतीत जात विचारायची, हा धर्म नव्हे. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेरच आहे. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं दलितांना विठ्ठलाचं दार उघडलं. मनाचं कुलूप कोण काढणार?

युद्धाबद्दलही सांगतो. सीमेवरच्या जवानाला माझा दंडवत. पण घरात बसून लढाईच्या गप्पा मारणाऱ्यांचं काय जातं? मरतं ते शेतकऱ्याचं पोर. आणि देवाच्या नावानं माणूस मारा म्हणणाऱ्यानं गळ्यात माळ घालू नये.

दिंडीला शंभर वर्षं झाली. आता विण्याचा मान जात न बघता द्या, बायांनाही द्या.

रामकृष्ण हरी!