गीतचित्रफितीतील बोलक्या वस्तू

पात्रे जी हाताळतात किंवा जी दृश्यात हेतुपुरस्सर ठेवलेली असते, अशा वस्तूला चित्रपटाच्या परिभाषेत 'प्रॉप' म्हणतात. आणि ती स्वतःच्या उपयोगापलीकडचा अर्थ सुचवू लागते, तेव्हा तिला प्रतीकाचे मोल येते. व्ही. शांताराम यांच्या १९३७ सालच्या 'कुंकू' या चित्रपटात, तरुण मुलीशी विवाह केलेल्या वृद्ध वकिलाच्या घरातील जुने भिंतीवरचे घड्याळ त्याच्या सरत्या वयाचे प्रतीक ठरते.

विद्यार्थ्यांच्या गीतचित्रफितीत संवाद क्वचितच असतात आणि अवधीही तीन-चार मिनिटांचाच असल्याने हे तंत्र विशेष उपयोगी पडते. गाव सोडून शिकायला आलेल्या मुलाचे गाणे असेल, तर आईने दिलेला स्टीलचा डबा पहिल्या कडव्यात लाडवांनी भरलेला, दुसऱ्यात अर्धा आणि अखेरीस तळाशी चुरा उरलेला दाखवता येतो. ध्रुवपद, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी ओळ, जशी दर वेळी नवा भाव धारण करते, तशीच वस्तूही बदलत्या अवस्थेत परतली पाहिजे. मात्र प्रतीकांची गर्दी झाली की अर्थ हरवतो. म्हणून एकच वस्तू निवडावी आणि शेवटपर्यंत निभवावी.