नाण्याची तिसरी बाजू

नाण्याला दोन बाजू असतात असं आपण येता-जाता म्हणतो. मोबाइलवर जाहिरात पाहून जुनं नाणं विकत घेणाऱ्यानं मात्र तिसरी बाजू आधी मागावी, ती म्हणजे कड. विक्रेता फोटो देतो तो छापाचा आणि काट्याचा. कडेचा फोटो मागितला की अनेकांचं बोलणं तिथंच संपतं. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेला दोन भाग जुळल्याची बारीक रेघ उरते. ती कानशीनं घासली तर घासल्याच्या खुणा उरतात.

माझा या विषयाशी संबंध आला तो कवितेमुळे. मोगल बादशहांपैकी कित्येकांनी नाण्यांवर फारसी शेर घातले. औरंगजेबानं नाण्यावरचा कलमा काढला आणि त्याच्या जागी स्वतःच्या नावाचा शेर आणला. त्यात एक गंमत आहे. रुपया चांदीचा, म्हणून त्यावर सहसा पौर्णिमेच्या चंद्राची उपमा, शब्द ‘बद्र’. मोहर सोन्याची, म्हणून तिथं सूर्य, शब्द ‘मिहर’. एका शब्दानं धातू बदलतो आणि शेराचं वजन जराही बिघडत नाही. शायर कोण होता ते असो, कारागिरी पक्की होती.

आमच्या मोहल्ल्याशेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. नाण्यांचे शौकीन. एके रात्री त्यांनी मला एक फोटो पाठवला. ‘‘शायरसाहेब, औरंगजेबाची सोन्याची मोहर, चाळीस हजारांत मिळतेय. काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.’’ मी वाचलं. पिवळ्याधमक नाण्यावर ‘बद्र’! रुपयाचा साचा घेऊन कुणीतरी मुलामा दिला होता. मास्तरांना म्हटलं, फारसी राहू द्या, हिशेब करा. मोहरेचं वजन ११ ग्रॅमच्या आसपास. आजच्या भावानं नुसतं सोनंच लाखाच्या वर जातं. मग हा दानशूर चाळीस हजारांत ती का देतोय? पण मास्तरांनी पाच हजार ‘बुकिंग’ म्हणून आधीच पाठवले होते. पेन्शनीतून पाच हजार जाणं म्हणजे काय, ते पेन्शनरालाच विचारा.

फारसी न येणाऱ्यालाही बरंच वाचता येतं. औरंगजेबाच्या नाण्यावर दोन साली असतात, एक हिजरी आणि दुसरं कारकिर्दीचं. हिजरी ११०० असेल तर कारकिर्दीचं वर्ष ३२ किंवा ३३ हवं. बनावट करणारा दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे जोडतो आणि इथं फसतो. अरबी आकडे दहाच आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात. दुसरी गोष्ट, ही नाणी हातोडीनं पाडलेली. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जातात आणि प्रत्येक नाण्यावर ती वेगळ्या जागी कापली जातात. एकाच विक्रेत्याच्या चार रुपयांवर तेच अक्षर तिथंच तुटलेलं दिसलं, तर ते चौघे एकाच साच्यातले भाऊ समजा. जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले छोटे ठसे असतात. नवशिके त्यांना खोट समजून नाक मुरडतात. खरं तर आत चांदी आहे ना, हे तेव्हाच्या सराफानं पाहिल्याची ती खूण.

याहून मोठा बाजार आहे तो तांब्याच्या ‘१८१८’च्या अर्ध्या आण्याचा. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला राम-सीता नाहीतर हनुमान. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. मद्रासकडच्या तिच्या सोन्याच्या होनांवर देवांच्या मूर्ती होत्या, हे खरं. पण ती नाणी निराळी. लोक श्रद्धेनं हे तांबं देव्हाऱ्यात ठेवतात, त्याला माझी हरकत नाही. पण त्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्याला हरकत घ्यायलाच हवी. वर कुणी तेच इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवू लागला, तर नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचं राहत नाही. शिवराईचंही तेच. खऱ्या शिवराया बाजारात मिळतात, म्हणूनच खोट्याही खपतात. अशा वेळी मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात किंवा नाशिकजवळ अंजनेरीला जाऊन अस्सल नाणी आधी डोळे भरून पाहावीत.

घरी नाणं आलं की सोनाराच्या काट्यावर ठेवा. १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडा कमी भरेल, पण दहावर आला तर परत पाठवा. परत घेण्याची लेखी हमी नसेल तर घेऊच नका. पैसे संकेतस्थळाबाहेर, थेट कुणाच्या खात्यात टाकू नका. आणि तुमच्याकडचं नाणं लाखोंना विकून देतो, त्यासाठी रिझर्व्ह बँकेची फी भरा, असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. अशा व्यवहारांत आपण नसतो आणि कसलंही कमिशन घेत नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

मास्तरांनी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. ती जाहिरात मात्र आठवड्यात गायब झाली आणि पुढच्या महिन्यात तोच फोटो दुसऱ्या नावानं पुन्हा दिसला. या वेळी किंमत पस्तीस हजार.