अडेनियम : बी, कलम आणि पाणी



इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांवरील विवेचन ऐकण्याची ज्या सभेला सवय आहे, तिच्यापुढे कुंडीतल्या एका झाडाचा विषय मांडण्याची अनुज्ञा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषयाची निवड मात्र ऋतूनेच केली आहे असे म्हटले पाहिजे. कारण ज्या चैत्र-वैशाखात गच्चीवरील बहुतेक कुंड्या उन्हाने म्लान होऊन जातात, त्याच दिवसांत अडेनियम आपल्या ऐन बहरात असते, आणि त्याची शेंग धरण्यापासून बी पेरण्यापर्यंतची पुष्कळशी कामे याच उष्ण ऋतूच्या आगेमागे करावयाची असतात.

हे झाड आता आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. बुडाशी फुगलेले राखी खोड, त्यावर मोजक्या जाड फांद्या, फांद्यांच्या शेंड्यांना तुकतुकीत पानांचे झुबके आणि कर्ण्याच्या आकाराची गुलाबी, लाल किंवा पांढरी फुले, असे त्याचे रूप आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परंतु रोपवाटिकेतून फुलावर आलेले झाड विकत आणणारा मनुष्य आणि तेच झाड बियांपासून वाढविणारा मनुष्य, या दोघांना त्या झाडाची होणारी ओळख अगदी भिन्न प्रकारची असते. पहिल्याच्या वाट्याला फूल येते. दुसऱ्याला झाड समजते. ही दुसरी ओळख आपल्यापैकी अधिकाधिक लोकांनी करून घ्यावी, एवढ्याच हेतूने मी आज उभा आहे.

या वनस्पतीच्या शास्त्रीय नोंदीचा इतिहास आपल्या मुंबईला ओझरता स्पर्श करून गेलेला आहे. १७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या हुकमाने विद्वानांची एक छोटी तुकडी कोपनहेगनहून अरबस्तानच्या मोहिमेवर रवाना झाली. तीत लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता, आणि मुलूख मोजून नकाशे तयार करण्याचे काम कार्स्टन नीबूर याच्याकडे होते. येमेनच्या डोंगराळ प्रदेशात वनस्पतींची टिपणे करीत असता फोर्सकोल हिवतापाने आजारी पडला आणि १७६३ च्या जुलैत तेथेच मृत्यू पावला. उरलेले लोक मोखा बंदरातून गलबताने मुंबईस निघाले, त्यांतील चित्रकार आणि नोकर वाटेतच गेले, वैद्य मुंबईत वारला, आणि सहा जणांपैकी एकटा नीबूर हयात राहिला. १७६४ च्या डिसेंबरापर्यंत त्याचा मुक्काम या किनाऱ्यावर होता; त्या अवधीत त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली आणि चित्रे काढली, हे आपल्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. पुढे मायदेशी परतल्यावर याच मनुष्याने आपल्या दिवंगत सहकाऱ्याची टिपणे सिद्ध करून १७७५ मध्ये ती ग्रंथरूपाने छापविली, आणि त्या ग्रंथात आपल्या या झाडाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. ज्याने झाड पाहिले त्याला ग्रंथ पाहावयास मिळाला नाही. ज्याने तो छापविला त्याने मित्राच्या श्रमाचा एवढा बंदोबस्त केला नसता तर ते सारे दप्तर कोठे गडप झाले असते, कोण जाणे. वनस्पतींच्या नामावलीमागे अशा माणसांचे आयुष्य खर्ची पडलेले असते, हे आपण विसरता कामा नये.

फोर्सकोलने हे झाड कण्हेरीच्याच प्रजातीत घातले होते. १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र प्रजाती केली, तरी कुल तेच राहिले, आणि बागाइताच्या दृष्टीने हे नाते फार उपयोगी आहे. कण्हेर, तगर, सदाफुली, चाफा, करवंद ही सारी याची भावंडे होत. यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगी पांढरा चीक आहे आणि कित्येकांचा तो विषारी आहे. कण्हेरीवर पडणारी ती मोठी हिरवी अळी, जिच्या पाठीवर निळसर डोळ्यासारखे ठिपके असतात, ती एखाद्या रात्रीत अडेनियमचा शेंडा फस्त करते ती याच नात्याच्या अधिकाराने. पाने कुरतडलेली दिसताच औषधाची बाटली शोधण्यापूर्वी पानांखाली अळी शोधावी. बहुधा एकच असते आणि हाताने काढता येते. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हे अधिक चिवट शत्रू आहेत, परंतु झाड भरपूर उन्हात आणि मोकळ्या वाऱ्यात असेल तर त्यांचा अंमल फार काळ टिकत नाही.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण अडेनियमची जेवढी झाडे मरतात त्यांतील बहुसंख्य पाण्याने मरतात, आणि उरलेल्यांपैकी कित्येक पाण्यावाचून खुरटतात. हे झाड सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात, पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानात खडकाळ जमिनीवर वाढते. तेथे उष्ण दिवसांत पाऊस पडतो, तो थोडा असतो आणि पडल्यावर खडकांतून निचरून जातो. नंतर कोरड्या ऋतूत झाड पाने गाळून खोडात साठविलेल्या पाण्यावर तग धरते. म्हणजे उष्मा आणि पाणी यांची सांगड त्याच्या स्वभावातच आहे, आणि थंडी व ओल यांची सांगड त्याला मारक आहे. हे एकदा ध्यानी आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. उन्हाळ्यात कुंडी कडक उन्हात असेल आणि माती निचऱ्याची असेल, तर ‘वाळवंटी झाड’ म्हणून त्याला तहानलेले ठेवण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत ते मनसोक्त पाणी पिते आणि पाण्याच्या मानाने फुलते. थंडी पडून पाने पिवळी होऊ लागली की पाणी कमी करीत जावे, आणि पाने झडून गेल्यावर जवळजवळ बंदच ठेवावे. खरी परीक्षा आपल्या पावसाळ्याची असते. देशावरचा मध्यम पाऊस निचऱ्याच्या कुंडीतले झाड सहन करते. कोकणातील अहोरात्र झड मात्र त्याच्या कल्पनेपलीकडची आहे, तेथे कुंडी पागोळीच्या आत, पण उजेडाच्या बाजूस घेतली पाहिजे.

बुंधा बोटाने दाबून पाहण्याची सवय ठेवावी. माती कोरडी असून बुंधा किंचित मऊ लागला तर झाड तहानलेले आहे. माती ओली असून तो मऊ लागला तर आत कूज सुरू झाली आहे, आणि तेव्हा एक दिवसाचाही विलंब न करता झाड उपटून, कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी पांढरा गाभा दिसेपर्यंत कापून, ते सावलीत कित्येक दिवस कोरडे होऊ द्यावे. जखम पूर्ण सुकल्यावर कोरड्या मातीत लावलेले असे झाड पुष्कळदा वाचते. मातीसंबंधी एवढेच सांगतो की तिच्यात माती थोडीच असावी. जाड वाळू, विटांचा बारीक चुरा, थोडे कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण मला सर्वांत विश्वसनीय वाटते. ओतलेले पाणी क्षणात तळाच्या भोकातून बाहेर आले पाहिजे. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी.

बियांकडे वळतो. आपल्याकडे फुले विपुल येतात, परंतु शेंग क्वचितच धरते, आणि याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. नळीच्या तळाशी पाच पुंकेसर एकमेकांस चिकटून शंकूच्या आकाराची छत्री करतात. पराग त्या शंकूच्या आतील अंगास असतात आणि पराग स्वीकारणारा भाग त्याच्याही खाली दडलेला असतो. ज्याला आपल्या हाताने फलन घडवून आणावयाचे असेल त्याने ताज्या फुलाची नळी पात्याने एका बाजूस उभी चिरावी, शंकूच्या आतील पिवळे पराग अगदी बारीक कुंचल्याच्या टोकावर उचलावेत, आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात पुंकेसरांच्या मधल्या फटीतून ते खालच्या चिकट भागास हलकेच लावावेत. सकाळचे कोरडे हवामान यास उत्तम. साधले तर फूल गळून पडते पण देठ टिकतो, आणि काही दिवसांत तेथे दोन शिंगांची जोडी दिसू लागते.

ही शिंगे पक्व होण्यास काही महिने लागतात, आणि पक्व झाली की ती लांबीने उकलतात. रुईच्या म्हाताऱ्या ज्यांनी लहानपणी वाऱ्यावर सोडल्या आहेत, त्यांना पुढचे सांगावयास नको. फरक इतकाच की रुईच्या बीला केसांचा झुबका एका टोकास असतो, अडेनियमच्या बीला तो दोन्ही टोकांस असतो. शेंग उकलल्यावर एका झुळुकीत सारे पीक शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊ शकते, म्हणून ती पूर्ण भरताच तिच्याभोवती दोऱ्याचे सैल वेढे द्यावेत किंवा जाळीची पिशवी बांधावी.

बी जितके ताजे तितकी उगवण अधिक. साठवण करून ठेवण्याचा हा जिन्नस नाही. उथळ भांड्यात बी आडवे ठेवून त्यावर वाळूचा अगदी पातळ थर द्यावा, आणि माती उगवणीपर्यंत ओलसर, परंतु चिखलमय न होईल अशी ठेवावी. हवा उष्ण असेल तर आठवड्याच्या आतच अंकुर वर येतात, आणि ज्याने ते प्रथम पाहिले त्याला विस्मय वाटल्यावाचून राहत नाही. कारण दोन दलांच्या खालचा तो इवलासा दांडा पहिल्याच दिवसापासून फुगीर असतो. ज्या बुंध्यासाठी आपण हे झाड घरी आणतो, तो जन्मापासूनच त्याच्या अंगी असतो. पहिल्या काही आठवड्यांत कडक दुपारच्या उन्हापासून आणि अतिपाण्याने होणाऱ्या बुंधकुजीपासून रोपे जपली की पुढे ती आपणच सावरतात. एक-दोन वर्षांत पहिले फूल येते, आणि ते आईसारखे येईल याची हमी कोणी देऊ नये. बियांपासून आलेले प्रत्येक झाड निराळे. हाच त्याचा गुण आहे असे मी मानतो.

दर वेळी कुंडी बदलताना झाड पूर्वीपेक्षा थोडे वर उचलून लावावे, म्हणजे जाड झालेली मुळे हळूहळू उघडी पडून बुंध्याचा भाग होतात. मुख्य मूळ कापल्यास बाजूची मुळे चहूकडे पसरतात. या कामात घाई केलेली झाड सहन करीत नाही. कापलेल्या मुळांना सुकण्यास अवकाश दिलाच पाहिजे.

फांदीपासूनही झाड होते. हातभर नव्हे, वीतभर फांदी कापून, चीक पुसून, छेद सुकल्यावर लावली की मुळे धरतात; परंतु बीजजन्य झाडासारखा डौलदार बुंधा अशा झाडाला सहसा येत नाही. विशिष्ट फूल हुबेहूब हवे असेल, उदाहरणार्थ थायलंड आणि तैवान येथे निपजलेली दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुले, तर त्यास कलम हाच मार्ग. बियांपासून वाढविलेल्या खुंटाची फांदी कापून तीत पाचरीसारखा छेद घ्यावा, तेवढ्याच जाडीची हवी ती काडी त्यात घट्ट बसवावी, पट्टीने बांधून वरून पिशवी झाकावी, आणि काडी जीव धरीपर्यंत सावलीत ठेवावे. ज्या कोकणात आंब्याचे कोय कलम घरोघरी बांधले जाते, तेथील हातांना यात नवीन असे काहीच नाही. तरीही बाजारात भडक फुलांची जी कलमे ढिगाने येतात, त्यांत घाईने वाढविलेल्या बेढब खुंटावर दोन काड्या चिकटविलेल्या असतात, आणि झाडाचे सौंदर्य पूर्णतः फुलावर सोपविलेले असते. वर्षातून जे दिवस फुलांचे नसतात त्या दिवसांतही पाहत राहावेसे वाटेल असे झाड हवे असेल, तर खुंट आपण बियांपासून वाढवावा आणि कलम करावयाचेच असेल तर त्यावर करावे.

जाता जाता एक विनंती. अडेनियमच्याच कुलातील शिंदळ माकुडी ही लहानशी मांसल वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर, शिवनेरीसारख्या ठिकाणी, खडकाच्या भेगांत वाढते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर फ्रियर यांचे नाव दिले होते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः आढळत नाही, आणि ती अतिशय दुर्मीळ झाली आहे. तिच्या तांबूस, ताऱ्यासारख्या फुलांचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु कड्यावरून तिची एकही फांदी आणू नये. बागेत वाढविलेल्या झाडाची काडी सहज मूळ धरते, ती मिळेपर्यंत थांबावे.

चिकाविषयी सांगावयाचे राहिले. टांझानियातील हादझा हे शिकारीवर जगणारे लोक अडेनियमचा चीक आटवून बाणांच्या टोकांस लावतात. हृदयाची गती बिघडविणारे द्रव्य त्यात असते. म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत, तो हात डोळ्यांस लावू नये, आणि छाटलेल्या फांद्या गाईगुरांच्या किंवा लहान मुलांच्या वाटेत टाकू नयेत. ज्यांच्या झाडावर आज शेंग असेल त्यांनी घरी गेल्यावर तिला दोरा बांधावा, आणि बी हाती आल्यावर लागेल तेवढे ठेवून उरलेले त्याच आठवड्यात वाटून टाकावे. पुढील वर्षापर्यंत त्यातले फारसे उगवण्याजोगे राहणार नाही.