शिळ्या अन्नाची मुदत



नायगावापासून विरारपर्यंतच्या वस्तीत, जिथे पहाटेची लोकल पकडून गेलेली मंडळी दिवेलागणीनंतर कधीतरी घरी पोहोचतात, तिथे उरलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामी आणणे हा आळस नसून संसाराची रीतसर तजवीज आहे, हे प्रथम मान्य करूनच मी तिच्या मुदतीविषयी बोलतो.

फ्रीजमधील तापमान 5 अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर भाजी, आमटी, मासळीचे कालवण यांना साधारण 3 ते 4 दिवस मिळतात. मात्र थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते इतकेच. लिस्टेरियासारखा जंतू तर त्या गारठ्यातही संथपणे वाढत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिजवलेले अन्न 2 तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये. सबब, जेवणे आटोपल्यावर पातेले रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचे आणि सकाळी फ्रीजच्या हवाली करायचे, ही आपली चाल मुदत सुरू होण्यापूर्वीच संपवणारी आहे.

यात सर्वांत फसवा भात. बॅसिलस सीरियस नामक जंतूचे बीजाणू उकळीतूनही तगतात, भात कोमट राहिला की रुजतात, आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष असे चिवट असते, की सकाळची फोडणी कितीही खमंग असली तरी तिला ते दाद देत नाही. म्हणून भात पसरट भांड्यात लवकर निववून आत ठेवावा व दुसऱ्या दिवशीच संपवावा.

आता विजेचा प्रश्न. जुलै 2018 मध्ये वसई, नालासोपारा, विरार जलमय होऊन वीज खंडित झाली, तेव्हा माळ्यावरच्या सुक्या बोंबलांना किंवा ख्रिस्ती घरांतील व्हिनेगर घातलेल्या इंदियाल या मांसाच्या कालवणाला जो दिलासा होता, तो फ्रीजमधल्या आमटीला नव्हता. दार मिटलेले राहिल्यास आतील गारवा सुमारे 4 तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तासांपर्यंत तग धरतो. त्यापुढे वास घेऊन निवाडा करू नये, कारण रोगकारक जंतू अन्नाचा वास बिघडवतातच असे नाही. वीज गेल्याची वेळ तेवढी भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपून ठेवावी.